कडीला पडली घावनाची जाळी

"पावडर काय, कोणीही करील! खरी करामत भट्टीची!" नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी जाहीर करून टाकलं. इंजिनियर ना मी!

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मासेमारी ट्रॉलरच्या पंपांत पाणी गळू नये म्हणून बसवायच्या सिरॅमिकच्या कड्या होतात. पावडरीचं खातं मथुराकाकूंकडे. दळायची, तीनदा चाळायची, डिंकाचं पाणी शिंपडून रव्यासारखी मोकळी करायची. दोन दिवस मोडतात हो!

सोमवारी मिरकरवाडा बंदरातले बोटवाले बाबू तांडेल नमुना बघायला येणार होते. पसंत पडला तर वर्षभराची ऑर्डर, नाहीतर माझी नोकरी गेली, असं मालकांनी बजावलेलं. आणि नेमकी शुक्रवारी काकूंची गुहागरची बहीण आजारी पडली. काकू हातातलं टाकून एसटीने गेल्या.

तयार पावडर थोडी कमी भरली. फळीवर शेजारीच तसल्याच पांढऱ्या भुकटीचा डबा. दिला ओतून! चाळायचं कशाला? कड्या दाबल्या, भट्टीत घातल्या, सोळाशे अंश!

सोमवारी भट्टी उघडली. कड्या पांढऱ्याशुभ्र! एक उचलली, तर बोटांतच मोडली. तेवढ्यात काकू परतल्या. त्यांनी तुकडा उजेडाला धरला.

"हा घावन कोणी घातलान?"

"घावन?"

"जाळी बघा की! माझ्या तव्यावर पण अशी सुटत नाय. साहेब, फळीवरचा माझा डबा कुठाय? गिरणीतनं आणलेलं तांदळाचं पीठ होतं त्यात!"

पीठ भट्टीत जळून गेलं होतं आणि जागोजागी भोकं ठेवून गेलं होतं.

"पण काकू, दोन्ही पांढरीच..."

"आणि वजन? आपली पावडर हाताला जड लागते. पीठ फुंकलं तरी उडतं!"

दारात बाबू तांडेल उभेच! "काय ओ, ही कडी की चाळण? भर दर्यात पंप गळला तर बोट कोण ओढणार, तुम्ही?"

काकू पुढे झाल्या. "बाबूदा, शुक्रवारपर्यंत थांबा. मी करते."

"तू करणार? मग थांबतो."

मग मी नुसता बघत राहिलो. काकू चिमूटभर पावडर बोटांत चोळायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "गुठळी हाय अजून." चौथ्यांदा चाळलं की ती खरंच सापडायची! काय बोटं आहेत हो! माझ्या अख्ख्या कॉलेजात एकाची नव्हती.

शुक्रवारी तांडेलांनी कडीवर नाणं वाजवलं. टण्ण! ऑर्डर पक्की!

"पण यात साहेबांनी काय केलं?" जाता जाता त्यांनी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे अगदी मनापासून कौतुकाने बघितलं.

"चार दिवस कश्शाला म्हणून हात लावला नाय!"