कृष्णातरावांनी नावेस चाक बसविले त्याची हकीकत

ज्यांचे चित्त ठिकाणी आहे त्यांनी ऐकावे, आणि ज्यांचे नाही त्यांनीही ऐकावे. शके एकोणीसशे सतरा, युवा नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, पौर्णिमा उलटून आलेला रविवार. परगणे नवी मुंबई, मौजे नेरूळ. ते दिवशी खाडीत जे घडले ते जसे घडले तसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही, आणि कोणाच्या लाजेखातर काही गाळिलेही नाही.

राजश्री कृष्णातराव हे मूळचे सातारा प्रांतीचे, कोरेगावाकडील. हुद्द्याने बेलापुरी सरकारी कचेरीत नकाशे काढणारे. सात पिढ्यांत कोणी विहिरीपलीकडे पाणी पाहिले नव्हते. परंतु सागरदीप सोसायटीच्या गच्चीवरून त्यांस खाडी दिसली, आणि मग चित्त स्वस्थ राहिना, आणि मग त्यांनी प्लायवूड आणिले, पितळी स्क्रू आणिले, आणि सोसायटीच्या पार्किंगात, पाण्याच्या पंपाशेजारी, दोन वर्षे खपून चौदा फुटी नाव सिद्ध केली. तीस आठ अश्वांचे जुने इंजिन मागील फळीवर लाविले. हे आठही अश्व दाणावैरण मागत नसत, पेट्रोल पीत, आणि मर्जी नसली म्हणजे दहा वेळा दोरी ओढूनही खिंकाळत नसत.

आता एक चाक तेवढे राहिले. इंजिनाची दांडी हाती धरून मागे बसावे आणि नाव वळवावी, हा खाडीचा जुना रिवाज. परंतु कृष्णातरावांचा मानस पुढे बसून, मोटारीसारखे चाक फिरवून जाण्याचा होता.

इतक्यात दोन फर्माने सुटली. पहिले सोसायटीचे सेक्रेटरी शिवरामपंत यांचे, की नावेमुळे गाड्या वळत नाहीत, सबब रविवारी दिवस मावळेतो ती हलवावी, न हलविल्यास फळ्या सोडवून माघी गणपतीच्या मंडपाचा चौथरा करण्यात येईल. दुसरे सारसोळे बंदरीचे गोटीराम नाखवा यांचे. नाव कोठे बांधावी म्हणून कृष्णातराव त्यांजकडे अर्जी घेऊन गेले, तो नाखवे म्हणाले, "जागा हाय. पन आदी आमच्या जाल्यांमदून नाव फिरवून दाखवा. मंग खुंट देतंव." येणेप्रमाणे रविवारी फत्ते न जाहल्यास नावेस ना जमीन राहती ना पाणी, आणि दोन वर्षांच्या मेहनतीवर आरतीवाले उभे राहते.

मग मोहिमेची तयारी मांडिली. भंगारातून एका मयत मोटारीचे चाक पैदा केले. तुर्भ्यास कारखान्यात लोखंडी रीळ कातून चाकामागे बसविले. रिळावर नायलॉनची दोरी गुंडाळून तिचे एक टोक नावेच्या डाव्या अंगाने, दुसरे उजव्या अंगाने, चार कप्प्यांवरून मागे नेऊन दांडीच्या दोन्ही बाजूंस बांधिले, आणि दोरी ढिली पडू नये म्हणून मध्ये स्प्रिंग घातली. कृष्णातराव कामाचे मोठे काटेकोर. त्यांनी पार्किंगातच एकेचाळीस वेळा परीक्षा घेतली: चाक डावीकडे, दांडी डावीकडे, चाक उजवीकडे, दांडी उजवीकडे. प्रत्येक वेळेचे टिपण आलेखाच्या कागदावर ठेविले. सोसायटीतील शहाण्यांनी पाहिले, शिवरामपंतांनीही पाहिले, आणि सर्वांनी एकमुखाने दाद दिली की बरोबर आहे. सोसायटीत इतके एकमत त्यापूर्वी कोणत्याही विषयावर जाहले नव्हते.

रविवारी तिसरे प्रहरी, भरती पुरी असता, टेम्पोतून नाव सारसोळ्यास आणिली आणि पाण्यात सोडिली. पुढे चाकाशी कृष्णातराव, शेजारी त्यांचे कुटुंब उज्वलाबाई, मागे परीक्षक म्हणून खुद्द गोटीराम नाखवा. कामगिरी ऐशी की खाडीतील लाल बावट्याच्या खांबास डावीकडून वळसा घालून परत यावे. उजवे हाती जाळी पसरलेली, आणि त्यांजवळ लहान होडीत नाखव्यांचे कुटुंब रखमाबाई पहाऱ्यास.

अश्व पहिल्याच ओढीस खिंकाळले. नाव सरळ निघाली, आणि कृष्णातरावांचा ऊर भरून आला. खांब जवळ येताच त्यांनी चाक डावीकडे फिरविले, आणि नाव उजवीकडे वळली. कृष्णातरावांस वाटले, जोर कमी पडला. त्यांनी चाक आणखी डावीकडे पिळले, आणि नाव आणखी उजवीकडे, थेट जाळ्यांवर चाल करून निघाली.

"अहो, तिकडं कुठं?" उज्वलाबाई ओरडल्या.

"मी तिकडं नेतच नाहीये! तीच चाललीये!" कृष्णातराव वदले.

नाखव्यांनी हात लांबवून इंजिन बंद केले. जाळे एक हातावर राहिले. रखमाबाई होडीत उठून उभ्या राहिल्या आणि कमरेस हात लावून बोलत्या जाहल्या, "वो सायेब, दांडी डावीला वढली त नाव उजवीलाच जानार ना? आमची शेंबडी पोरं जानतान. घाटावर नाव उलटी चालतं का?"

तेव्हा कृष्णातरावांस उमज पडला, आणि तोंड उतरले. दांडी डावीकडे गेली म्हणजे तिचे पलीकडील टोक, जेथे पंखा आहे, ते उजवीकडे जाते; पंखा नावेचे बूड डावीकडे ढकलतो, आणि नाक फिरते उजवीकडे. एकेचाळीस परीक्षा घेतल्या, त्या सर्व कोरड्या जमिनीवर दांडीकडे पाहून. नाकाकडे पाहण्याचे कारण पडले नव्हते, कारण पार्किंगात नाक कोठेच जात नव्हते.

नाखवे मनगटावरील घड्याळ पाहून म्हणाले, "पानी उतराया लागलंय. घटकाभरान हितं चिखल हाय. आज ऱ्हाऊ द्या."

आज राहू देणे म्हणजे मंडपाचा चौथरा. कृष्णातरावांच्या नजरेपुढे आपल्या फळ्यांवर गालिचा दिसू लागला. दोऱ्या सोडून रीळ उलटे गुंडाळावयास दोन तास हवेत, आणि हाती अर्धा नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मग उज्वलाबाईंनी मागे वळून दोन्ही दोऱ्या न्याहाळल्या आणि पुसिले, "डावी दोरी डावीकडंच बांधायची असा कायदा आहे का?"

"म्हणजे?"

"वेणीचा पेड घालतो तसं करा की. ही तिकडं, ती इकडं. चाकाला कोण काय सांगायला जातंय?"

कृष्णातरावांनी क्षणभर डोळे मिटून हिशेब मांडिला, आणि मग असे उठले की नाव डुलली. मागील दोन कप्प्यांच्या पलीकडे दोऱ्या सोडिल्या, डावीचे टोक दांडीच्या उजव्या अंगास आणि उजवीचे डाव्या अंगास बांधिले. दोऱ्या एकमेकींस घासून तुटू नयेत म्हणून नावेतील पाणी उपसण्याच्या नळीचा वीतभर तुकडा कापून एकीवर चढविला. वाट तिरकी होऊन जी ओढ वाढली ती स्प्रिंगने सांभाळिली. मग चाक डावीकडे फिरविले, आणि दांडी उजवीकडे गेली.

"आता चुकीचं दिसतंय," कृष्णातराव म्हणाले.

"मग बरोबर असेल," बाई म्हणाल्या.

अश्व पाचव्या ओढीस जागे जाहले. चाक डावीकडे, नाव डावीकडे. लाल बावट्यास ऐसा गोल वळसा पडला की जणू कंपासने काढिला. रखमाबाईंनी होडीतून वल्हे उंच केले. परंतु नाखव्यांची खात्री पटेना. ते म्हणाले, "येकदा फिरली त नशीब. उठा सायेब, आता मी बसतंव."

कृष्णातराव उठले, आणि गोटीराम नाखवा, ज्यांच्या हाती चाळीस वर्षे दांडीखेरीज काही आले नव्हते, ते चाकाशी विराजमान जाहले. खांब आला. नाव डावीकडे न्यावयाची म्हणजे हात उजवीकडे लोटावयाचा, ही चाळीस वर्षांची वहिवाट. नाखव्यांनी चाक सर्व बळानिशी उजवीकडे लोटिले, आणि नाव फणफणत त्यांच्याच जाळ्यांवर चालून गेली. नाखव्यांनी आणखी लोटिले.

"आवो, माजी जाली!" रखमाबाई किंचाळल्या. "तुमीबी घाटी झाल्याव काय?"

तेव्हा कृष्णातरावांनी नाखव्यांच्या खांद्यावरून हात घालून चाक धरिले, आणि झटक्यासरशी डावीकडे फिरविले. नाव जाळ्यावर तरंगणाऱ्या बुचांस पाण्याचे शिंतोडे देऊन अंग चोरती जाहली आणि खांबास वळसा घालून बंदरास लागली. नाखवे बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत होते.

येणेप्रमाणे दिवस मावळण्यास चार घटका असता मोहीम फत्ते जाहली. जाळे एकही फाटले नाही. बंदरीचा तिसरा खुंट कृष्णातरावांस आणि त्यांच्या नावेस कायम मुक्रर जाहला, आणि त्याचा हुकूम नाखव्यांऐवजी रखमाबाईंनी दिला. हुकुमास शर्त एकच जोडिली, ती त्यांच्याच शब्दांत लिहितो: "हितं बांदा. पन आमच्या या मानसाला परत त्या चाकाजवल बसवू नका." नाखव्यांनी मान डोलाविली, आणि शर्त मंजूर जाहली.