मुकुंदकाकांचा फोम

मुकुंदकाका पाठक कुणाच्याही घरात शिरले, की चप्पल काढायच्या आधी एक टाळी वाजवायचे. एकच. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "घुमतंय." किंवा, "ठीक आहे, गाद्या भरपूर दिसतात." गल्लीतले एक गृहस्थ वारले तेव्हा भेटायला गेले आणि तिथंही दारात टाळी वाजली. रडणारी माणसं गप्प झाली. काका हळूच म्हणाले, "त्यांचा पलंग इतक्यात काढला का तुम्ही?" खरंच सकाळी काढला होता. त्या घरची बाई पुन्हा रडायला लागली, पण काकांवर रागावली नाही.

मी भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या मुलखातला. आठवीत शाळा सोडली, भातगिरणीत पोती उचलली, आणि मेव्हण्याच्या ओळखीनं औरंगाबादेत आलो. तेव्हा पाट्यांवर तेच नाव होतं. दुष्काळाची वर्षं होती ती. प्यायला पाणी नाही आणि बायपासला इमारतीवर इमारत चढायलेली. त्या नव्या फ्लॅटांच्या भिंतींना वॉलपेपर, पट्ट्या, फोम असलं काहीबाही चिकटवायचं काम मी एका सेठकडं करायचो. आई फोनवर विचारायची, "काम आहे ना रे?" मी "आहे" म्हणायचो आणि ते जाईल या धास्तीत राहायचो.

पुंडलिकनगरात काकांच्या मागच्या खोलीचा 'स्टुडिओ' करायला सेठनं मला पाठवलं. कशासाठी, ते पहिल्याच चहाला कळलं. मालतीकाकूंच्या गळ्यात गाठ होती. पुढच्या सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर पहिल्यासारखं बोलणं होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. पुण्याला लेकीला सातवा महिना लागला होता. त्या बाळासाठी पाळणे, गोष्टी, चार हाका काकूंना आपल्या आवाजात भरून ठेवायच्या होत्या.

"मोबाईलवर भरते की," त्या म्हणाल्या. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता.

"नाय," काका म्हणाले. "घुमत्या खोलीत हिचा आवाज भरायचा नाय. एकदाच भरायचाय, तर नीट."

काकांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत गेलेली, कन्नड-पिशोरकडची शेतं मोजण्यात. त्यांनी भिंतीवर खडूनं चौकोन आखले आणि प्रत्येकाला गट नंबर दिला. मी फोम लावायचा आणि त्यांनी खालून ओरडायचं, "गट नंबर सतरा बांध ओलांडून अठरात घुसलाय, भंडारेकर." माझं आडनाव मेश्राम. चारदा सांगितलं. काकांनी ते चारदा कागदावर लिहून घेतलं आणि भंडारेकरच म्हणत राहिले.

फोम म्हणजे करडे चौकोन, वर छोटे छोटे डोंगर. काकू म्हणाल्या, "हे तर अंड्याचे ट्रे."

"सोवळ्याच्या घरात काय बोलतेस."

"सोवळं माझं. कचेरीतल्या डब्यात काय असायचं, ते मला ठाऊक नाही व्हय?"

काका एकदम गट नंबर चोवीस तपासायला लागले.

एक भिंत झाली की मला मधोमध उभं करून म्हणायचे, "बोल काहीतरी." मी आमच्याकडच्या तळ्यांची नावं घेतली, एकामागून एक. काका डोळे मिटून ऐकत राहिले. म्हणाले, "लई पाणी आहे रे तुझ्या आवाजात." काम संपलं की काकू मला हातपाय धुवायला अर्धी बादली द्यायच्या. त्या दिवसांत अर्धी बादली म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्यालाच कळेल. मी ती जपून वापरायचो आणि उरलेलं तुळशीला घालायचो.

पहिल्या दिवशी लावलेले चार तुकडे दुसऱ्या सकाळी खाली पडलेले. जुना डिस्टेंपर होता भिंतीला. तो खरवडून, प्राइमर मारून पुन्हा लावले. तिसऱ्या सकाळी सहा पडले. काका तुकड्यांकडं बघून शांतपणे म्हणाले, "घाई नको. आणखी एक दिवस गेला तर जाऊ दे." सेठ मात्र फोनवर म्हणाला, "फिर गिरा तो कल से मत आना." मी डिंक बदलला. चौथ्या सकाळी आठ पडले. सोमवारला तीन दिवस उरले होते आणि काकूंचा एक शब्दसुद्धा भरला गेला नव्हता.

त्या दिवशी मी पडलेला तुकडा उलटा करून नीट पाहिला. डिंक सुटला तर फोम अख्खा खाली येतो, पाठीला भिंतीचा रंग घेऊन. इथं डिंक भिंतीवर तसाच होता, त्याला फोमची साल चिकटलेली आणि तुकडा मधून फाटलेला. हा पडला नव्हता, ओढला होता. तेवढ्यात काका चहा घेऊन आले. त्यांच्या नखांत करडा भुसा होता.

मी चहा प्यायलो. कप ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तर काकूच म्हणाल्या, "दिसलं ना तुला?"

"काकू, सेठ मला काढून टाकंल."

"सेठला मी फोन करते, आवाज आहे तोवर." त्या हसल्या आणि खोकल्या. "पहाटे उठून ओढतात. मी झोपल्याचं सोंग घेते. मी विचारलं तर त्यांना कबूल करावं लागेल. पण आता दिवस नाहीत रे. त्यांच्या हातानं निघणार नाही, असं काहीतरी कर."

मी पातळ प्लायवुड आणलं. फोम प्लायवर चिकटवला आणि प्लाय भिंतीत भोकं पाडून, त्यांत लाकडाच्या गिट्ट्या ठोकून स्क्रूनं आवळायला घेतलं. ड्रिल लागल्यावर काका धावत आले. "माझ्या भिंतीला भोकं? आधी परवानगी घ्यायची असती."

"मी दिली," काकू दारातून म्हणाल्या.

काका खाली बसले. शेवटचा स्क्रू बसेपर्यंत उठले नाहीत. मग उठले, समोरच्या तुकड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्यादेखत ओढलं. सगळं अंग लावून ओढलं. ते हललं नाही. हात तसेच ठेवून, भिंतीकडंच तोंड करून ते म्हणाले, "आवाज भरून घेतला की तो जायला मोकळा, भंडारेकर. नाय भरला तर जायचं कसं, असं वाटायचं मला. येडेपणा आहे. कळतंय."

काकू आत आल्या, खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. "अहो, मशीन लावा." काकांचा अंगठा रेकॉर्डरच्या बटणावर गेला आणि तिथंच राहिला. काकूंनी आपला हात त्यावर ठेवून दाबलं.

दोन पाळणे झाले. एक चिमणीची गोष्ट झाली. बाळाला चार हाका झाल्या, मुलगा असला तर आणि मुलगी असली तर. काकू पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "बाळाचं झालं. आता तुमच्यासाठी." माझ्याकडं बघितलं. मी दार ओढून बाहेर आलो.

आणि तेवढ्यात गल्लीत नळ आला. नवव्या दिवशी, काही वेळकाळ नसताना. घराघरात मोटरा सुरू झाल्या आणि सगळी गल्ली गुरगुरायला लागली. फोम खोली घुमू देत नाही, पण बाहेरचा आवाज काही अडवत नाही. काकांच्या मोटरचं बटण चालूच ठेवलेलं असायचं, ते मी आधी बंद केलं. मग शेजारच्या दारात गेलो. परक्या गावात मी कधी कुणाच्या दारात असा गेलो नव्हतो.

"ताई, थोडा वेळ मोटर बंद करता का?"

"नऊ दिवसांनी पाणी आलंय. येडा झालास का?"

"आत काकू बोलायल्यात."

बाईनं काकांच्या खिडकीकडं पाहिलं. आत गेली आणि बटण बंद केलं. मग तीच पुढच्या घरी गेली, आणि तिथली त्याच्या पुढच्या. एकेक करत गल्ली गप्प झाली. जितका वेळ काकू बोलत होत्या तितका वेळ बाया नळाखाली हंडे धरून हातानं पाणी भरत होत्या, भांड्याला भांडं लागू न देता.