खोतांच्या घराचा थोर इतिहास, मागच्या गडग्यासह

ज्या घराचं जोतं उंच असतं त्या घराला इतिहास असतो. बाकीच्या घरांत नुसतं पाणी शिरतं. गडबहून खाडीकडे उतरलं की एका गावात खोतांचं माडीचं घर लागतं. त्याचं जोतं छातीएवढं आहे. त्यावरून इतिहास केवढा असेल ते समजून घ्यावं.

या घराण्याची समाजसेवा सुरू झाली १९११ साली. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून त्या वर्षी गावाने बांधासाठी मचवे भरभरून दगड आणले. दगड बांधावर ठेवले असते तर भिजले असते, ही गोष्ट अख्ख्या गावात एकट्या थोरल्या खोतांच्या लक्षात आली. त्यांनी ते आपल्या जोत्यात आणि परसातल्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, रचून सुरक्षित केले. (आजवर एकही चोरीला गेलेला नाही. म्हणजे त्यानंतर.)

बांध मग मातीचाच राहिला आणि फुटत राहिला. बांधाला भगदाड, म्हणजे खांड पडली, की घरटी एक माणूस चिखलात उतरतो, असा तिथला रिवाज आहे. खोतांनी तो कधी चुकवला नाही. एकशे तेरा वर्षांत एकेचाळीस खांडी पडल्या आणि एकेचाळीस वेळा मोठ्या घरातून एक खुर्ची, एक छत्री आणि भरपूर सूचना आल्या. खुर्चीतला माणूस चिखलात उतरला नाही हे खरं, पण मग सूचना कोणी दिल्या असत्या?

बेचाळिसावी खांड गेल्या पावसाळ्यात पडली, ती नेमकी हौसाच्या शेतासमोर. हौसाला नवरा नाही, मूल नाही. दोन एकर भात आहे. खारं पाणी एकदा मुरलं की तीन वर्षं तिथे भात होत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. गावाने पेंढा आणि चिखल कोंबून खांड बुजवली, भरतीने ती उघडली. पुन्हा बुजवली, पुन्हा उघडली. अमावास्येच्या उधाणाआधी दगड पडले तरच लावणी वाचणार होती. म्हणून ती मोठ्या घरी गेली.

तिथे तेव्हा घराला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळवण्याची धावपळ चालू होती. त्यासाठी वारसा समिती होती. अध्यक्ष दिनानाथ खोत, सचिव त्यांची सून नम्रता, सदस्य घरातलेच. (सामान्य जनतेच्या प्रतिनिधीची जागा रिकामी होती, कारण घरात सामान्य कोणी नव्हतं.)

"दादा, मागचा गडगा द्या," हौसा म्हणाली. "त्याच्यावर शेळी पन बसत नाय. दगड आमच्या बांदाचं हायत."

दिनानाथ रागावले नाहीत. रागावणं या घराण्याच्या इतिहासात नाही. "पुरावा आहे का, हौसाबाई?"

"माज्या आजेसासऱ्यानी डोईवर वाहिलेत. सासू सांगायची."

नम्रताचे डोळे चमकले. "हौसाकाकी, हे लिहून द्याल?"

हौसाला वाटलं, देव पावला. कागदावर आलं म्हणजे खरं झालं, आणि खरं झालं म्हणजे दगड परत येणार. तिने सगळं सांगितलं: साल, मचवे, किती खेपा झाल्या, दम खायला बसला म्हणून आजेसासऱ्याला पडलेली काठी. मग तिने साक्षरता वर्गात शिकलेली सही केली, सावकाश, काना-मात्रा न चुकवता. घरी जाताना शेजारच्या शांतीला सांगितलं, "घमेली काढून ठेव गो."

समितीकडे झोपाळा होता, तसबिरी होत्या, पितळी घड्याळ होतं. अडलं होतं ते एका गडग्यापाशी. दगडाचं वय दगड थोडाच सांगतो? आता ठराव झाला: "सदर गडगा एकशे तेरा वर्षे जुना असल्याचे विश्वसनीय साक्षीने सिद्ध झाले असून त्यातील एकही दगड हलविणे हा वारशाचा विध्वंस समजण्यात येईल." काठीचा उल्लेखही समितीने टाळला नाही. घराच्या माहितीपुस्तिकेत ती 'स्थानिकांचा उत्साहपूर्ण सहभाग' या सदरात आहे.

अमावास्येच्या आदल्या दिवशी हौसा सात माणसं आणि घमेली घेऊन परसात गेली. गडग्याभोवती दोरी होती, दोरीला फलक.

"दादा, दगड बांदाचं हायत म्हनून मीच सांगितला ना?"

"तुम्ही सांगितलंत म्हणूनच तर वाचले," दिनानाथ मनापासून म्हणाले आणि माणसांना चहा पाठवला.

हौसाला खोतांचा आला नाही इतका राग स्वतःच्या सहीचा आला. "येडी मी, गो शांते," म्हणत ती रस्त्यातच बसली आणि हमसून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी उधाण वेळेवर आलं.

घर आता सर्वांना खुलं आहे. अलिबागला निघाला असाल तर वडखळला वळू नका, सरळ या. माडीवरच्या खिडकीतून पूर्वी नुसतं भात दिसायचं, आता थेट पायाखाली खाडी लागते. संध्याकाळची भरती साधा. फोटोत मागचं पाणी सोन्यासारखं येतं. मधेच चिखलात चिंबोऱ्या शोधणारी एक बाई दिसेल, ती हौसा. तुम्ही वरून नुसता हात केलात तरी ती बाजूला होते.