जुडी मोठी आहे

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको भांडत येतात आणि मेथी निवडून जातात.

कुणाला वाटेल, खाली एखादी खानावळ असावी. नगरच्या सावेडीतल्या भाजीबाजारातल्या हिराबाईंनाही तसंच वाटतं. खालचे टोकेकर सर एकटे राहणारे, आणि रोज सकाळी हिराबाईंकडून पिशवी भरभरून पालेभाजी नेतात. एकदा न राहवून हिराबाईंनी विचारलंच, "सर, मेसचे मेंबर वाढले जनू." सर म्हणाले, "हो, सध्या जरा गर्दी आहे." आणि पिशवी स्कूटरला अडकवून निघाले. मी शेजारी कोथिंबीर घेत उभी होते. खोटं बोलले असं काही मला म्हणता येईना.

टोकेकर सर समुपदेशक आहेत. आधी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, आणि निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून त्यांनी फ्लॅटचा हॉल या कामाला दिलेला आहे. दारावर पाटी आहे, 'समुपदेशन केंद्र. व्यक्ती, दांपत्य, कुटुंब.' पाटी वाचून आत येणाऱ्याची कल्पना अशी असते, की आता मऊ कोच असेल, मंद दिवा असेल, भिंतीवर समुद्राचं चित्र असेल. आत असते एक सतरंजी, तीन-चार मोढे, मध्ये पसरलेला कालचा पेपर, आणि पेपरवर मुळांसकट, मातीसकट मेथीची जुडी. सर नाव विचारतात, गाव विचारतात, पाणी देतात आणि म्हणतात, "बसा. आणि हात चालू ठेवा."

त्यांचं म्हणणं असं, की माणसाला समोर बसवून 'बोला' म्हटलं की तो एक तर वकिलासारखं बोलतो, नाही तर बोलतच नाही. नजर खाली असली, हात कशात तरी गुंतलेले असले, की तेच बोलणं हळूच बाहेर येतं. मध्येच कुणी रडायला लागलं, कुणी अडकलं, तर सर फक्त म्हणतात, "घाई नाही. जुडी मोठी आहे." हे वाक्य मी जिन्यातून जाता-येता इतक्या वेळा ऐकलंय की परवा आमच्या ह्यांना बूट सापडेनात तेव्हा माझ्याही तोंडून तेच गेलं. ह्यांना ते आवडलं नाही.

भाजी कुणाला कोणती, यात त्यांचं शास्त्र आहे. नवरा-बायको असतील तर मेथी. सासू-सून असतील तर गवार, कारण दोघींनाही वाटतं की आपल्यालाच शिरा नीट काढता येतात, आणि तेवढ्यावरून विषयाला तोंड फुटतं. परीक्षेला घाबरलेल्या मुलांना मटार. त्यातला निम्मा मुलंच खातात, तो सर आधीच हिशेबात धरतात. अख्खं कुटुंब आलं तर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. मात्र भेंडी नाही, दोडका नाही, दुधी तर नाहीच. सुरी लागेल अशी भाजी त्या खोलीत येत नाही. मी कारण विचारलं तर सर इतकंच म्हणाले, "अनुभव."

मेथीनं सगळं होतं असा त्यांचा दावा मात्र अजिबात नाही. कुणाची झोपच उडालेली असेल, कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचं येत असेल, तर सर त्याच दिवशी स्वतः फोन लावून मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतात, आणि गरज पडली तर स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन जातात. "गोळीचं काम गोळीनंच करावं," म्हणतात. "मी आहे तो पाल्यापुरता."

आता एवढ्या निवडलेल्या भाजीचं होतं काय, तर ती वर आमच्याकडे येते. संध्याकाळी बेल वाजते, दारात सर, हातात टोपली. खाली कोण आलं होतं, काय बोलणं झालं, याबद्दल त्यांच्या तोंडून एक अक्षर निघत नाही. मी खूप प्रयत्न करून पाहिलेत. चहा देऊन पाहिला, हवापाण्यावरून हळूच विषय वळवून पाहिला. सर चहा पितात, हवेबद्दल बोलतात आणि जातात. शेवटी मी टोपलीच वाचायला शिकले. देठांसकट ओरबाडलेली मेथी आली, की नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघंही तणतणत असणार. तळाचा पाला ओबडधोबड आणि वरचा एकेक पान खुडलेला असला, की समजायचं, शेवटी शेवटी निवळलं. एकदा मेथी अशी आली की सगळ्या काड्या एका दिशेला, मापात. खिडकीतून पाहिलं तर भिंगारच्या छावणीकडचे एक सुभेदारसाहेब मिशीवरून हात फिरवत स्कूटर काढत होते, आणि मागे बसलेली बाई हसत होती. त्या मेथीची भाजी मी जरा मनापासून केली.

मागच्या हिवाळ्यात पाथर्डीच्या पलीकडून एक म्हातारा-म्हातारी आले. थोड्याच वेळात म्हातारेबुवा तावातावानं पार्किंगमध्ये आले आणि मी दिसले तर मलाच म्हणाले, "ताई, येवढ्या लांबून एष्टीनं आमी मेथी निवडाया आलो व्हय? आमच्या घरी ती न्हाई का?"

मागून म्हातारी आली. ती अगदी हळू म्हणाली, "घरी हाय. पर घरी तुमी कवा निवडली?"

म्हातारेबुवांनी पागोटं सारखं केलं, माझ्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं आत गेले. दोघांत काय बिनसलं होतं ते मला आजही ठाऊक नाही. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर स्वतःच्या रानातली मेथी होती, पोतंभर. "निवडाया आणली," म्हणाले. आमच्या सोसायटीत त्या आठवड्यात सगळ्यांच्या डब्यात मेथीचे पराठे होते.

ही युक्ती सरांनी कुठल्या पुस्तकातून काढली असं लोकांना वाटतं. मला खरं काय ते माहीत आहे, कारण सुनंदाताईंनी मला सांगितलं होतं. सुनंदाताई म्हणजे सरांची बायको. गोड आणि फटकळ, दोन्ही एकदम. त्या म्हणायच्या, "हा माणूस कॉलेजात तासन्‌तास बोलतो आणि घराचा उंबरा ओलांडला की कुलूप. लग्नानंतर मला वाटलं, मी आवडले नाही की काय. मग एकदा मला बरं नव्हतं म्हणून त्यांना मेथी निवडायला बसवलं, तर काय सांगू, आईपासून आजोबांपर्यंत सगळं बोलले. तेव्हापासून मी मेथी आणते. मला स्वतःला नाही हो एवढी आवडत. कडू लागते."

सुनंदाताई गेल्या, त्याला काही वर्षं झाली. तेव्हा त्यांची मुलगी सई पुण्याहून येऊन राहिली होती. लहानपणी आमच्याकडेच खेळलेली, माझ्या हातचं थालीपीठ खाऊन वाढलेली पोर. बाबा आईबद्दल काहीतरी बोलतील म्हणून ती वाट बघत राहिली. सर बोलले नाहीत. तेरा दिवस झाले आणि सरांनी हॉलचं दार पुन्हा उघडलं, माणसं यायला लागली, आणि सई आतल्या खोलीतून ऐकत राहिली, की आपले बाबा परक्या माणसांशी किती मायेनं बोलतात. जाताना जिन्यात मला म्हणाली, "काकू, त्यांच्याकडे सगळ्यांसाठी वेळ आहे. माझ्याशी ते आईचं नावसुद्धा काढत नाहीत."

मी तिला समजावायला गेले, पण काय समजावणार. सर कुलूप होते ते पुन्हा कुलूप झाले, आणि किल्ली जिच्याजवळ होती ती निघून गेली होती. मग सईचं येणं थांबलं. फोन व्हायचा. जेवलीस का, हो, तुम्ही, हो. सरांना डबा येऊ लागला. त्यांच्या स्वयंपाकघरातला गॅस चहापुरता पेटतो हे मला भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. दिवसभर गावाची मेथी निवडून घेणारा माणूस रात्री डब्यातली बटाट्याची भाजी खायचा.

यंदा संक्रांतीनंतर सईचा मला फोन आला. कंपनी तिला जर्मनीला पाठवत होती, परतीचं काही ठरलेलं नव्हतं. ती रविवारी येणार होती, आईच्या दोन साड्या घेणार होती, आणि संध्याकाळच्या बसनं परत. "बाबांना भेटेन थोडा वेळ," म्हणाली. असं म्हणाली जसं आपण बँकेत काम आहे म्हणतो.

शनिवारी बेल वाजली. दारात सर, आणि हातात टोपली नाही. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याकडे रिकाम्या हातानं कधी आलेला नव्हता. आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, उद्या सई येतेय. तिच्याशी काय बोलायचं असतं?"

मला हसूच आलं. सगळ्या नगरला बोलतं करणारा माणूस, आणि मला विचारतोय. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "दुसरं कुणी हेच विचारायला आलं तर तुम्ही काय करता?"

"भाजी देतो."

"मग तिलाही द्या."

"नाही," सर म्हणाले. "तिला वाटेल, बाबांनी आपल्यालाही रांगेत बसवलं. ती माझी मुलगी आहे हो."

या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातली गाठ बरोबर ओळखली होती आणि आपल्या घराची तेवढी उलट्या बाजूनं धरून बसला होता.

रविवारी दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. हॉल ओळखू येत नव्हता. सतरंजी गुंडाळून ठेवलेली, मोढे आत ढकललेले. टेबलावर झालरीचा टेबलक्लॉथ, त्यावर पेढ्यांचा बॉक्स. सरांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसलेले. सईच्या मांडीवर आईच्या साड्यांची पिशवी, घट्ट धरलेली. सर तिला पुण्याच्या रस्त्यावर हल्ली ट्रॅफिक कसा असतो ते विचारत होते. तिनं सांगितलं, बराच असतो. मग पेढ्याला कुणी हात लावला नाही आणि ट्रॅफिकही संपला.

चहा ठेवताना माझी नजर सरांच्या हाताकडे गेली. ते टेबलक्लॉथच्या झालरीचे दोरे खुडत होते. एकेक, नीट, मुळापासून. स्वतःला पत्ताही नाही. मग सईकडे पाहिलं, तर ती पिशवीच्या बंदाचा सुटलेला धागा तसाच, त्याच बोटांनी ओढत होती.

मी वर आले. ओट्यावर संध्याकाळसाठी आणलेली मेथी होती, हिराबाईंची, मातीसकट. ती उचलली, कालचा पेपर घेतला, खाली गेले. पेढे बाजूला सारले, टेबलक्लॉथ ओढून काढला, पेपर पसरला आणि त्यावर जुडी ठेवली. म्हटलं, "सर, आज माझं एवढं काम करा. आमच्याकडे निवडायला कुणी नाहीये." वर आमचे हे पाय पसरून मॅच बघत होते, पण ते जाऊ दे.

सर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. सईनं जुडीकडे पाहिलं. मग तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि जुडीची दोरी सोडली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "घाई नाही गं. जुडी मोठी आहे." आणि दार ओढून घेतलं.

जिन्यात मी थांबले. थांबायला नको होतं, पण थांबले. आधी नुसता काड्या मोडल्याचा आवाज. मग सरांचा आवाज आला.

"तुझ्या आईला मेथी आवडायची नाही. तुला माहीत होतं?"

"नाही." मग सई म्हणाली, "मग ती रोज का आणायची?"

सरांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज मध्येच फुटला. इतक्या वर्षांत मी तो आवाज तसा कधी ऐकला नव्हता. मी डोळ्याला पदर लावला आणि वर निघून आले.

संध्याकाळची बस गेली असणार. खालचं दार काही उघडलं नाही. टोपलीची वेळ झाली, मी बेलकडे कान लावून होते, पण भाजी वर आली नाही. दिवेलागणीला जिन्यातून लसणाच्या फोडणीचा वास वर आला, आणि पाठोपाठ थोडा करपल्याचाही. मग खालून दोघांच्या एकदम हसण्याचा आवाज आला.

ह्यांनी मॅचवरून नजर न काढता विचारलं, "आज मेथी होती ना आपल्याकडे?"

मी बेसनाचा डबा काढला आणि पिठलं करायला घेतलं.