अण्णांचा किल्लेकोट

आमच्या शेजारचे शिवलिंगप्पा अण्णा कुणाच्याही लग्नाला गेले, की नवरानवरीच्या आधी मांडवाचा कोपरा बघायचे. तिथे पाठ टेकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांतले दोघे-तिघे जाड पाहुणे हाताला धरून पुढ्यात बसवून घ्यायचे. “बसा की हितं, लई मोकळं हाय,” असा आग्रह. पाहुण्यांना वाटायचं, काय माया आहे माणसाला! आपण अण्णांची प्यादी झालो, हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नसायचं.

अण्णा याला किल्लेकोट म्हणायचे. बुद्धिबळात राजा मधल्या घरात उभा असतो. त्याला दोन घरं सरकवून कोपऱ्याकडे न्यायचं आणि कोपऱ्यातला हत्ती त्याच्यावरून उचलून त्याला लागून पलीकडच्या घरात उभा करायचा. जवळच्या हत्तीकडे केला तर तो लहान कोट. एकाच चालीत दोन मोहरे हलतात असं अख्ख्या डावात एवढंच, आणि तेही एकदाच. मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण आमच्या आणि अण्णांच्या खोलीला एकच पडवी होती. अण्णांची शांता आणि मी तिथे धान्य निवडत बसायचो आणि समोर पट मांडलेला असायचा. माणूस किती दिवस नुसते खडे बघणार? त्यातच मला तो खेळ कळून गेला. मला कळतो, हे मात्र शांतेशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. अण्णा सोलापुरात नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात कामाला होते. सकाळी गेले की पहिल्यांदा ताग्यांची भिंत रचायचे आणि तिच्यामागे बसायचे. मालक ओरडायचा, “अण्णा, गिऱ्हाइकाला माणूस दिसू दे की!” अण्णा आतून म्हणायचे, “बोहनीच्या आधी कोट. मग कितीबी गिऱ्हाईक येऊ द्या.”

आमच्या पेठेत बाकी सगळे जुन्या देशी रीतीने खेळायचे. त्या रीतीत कोट नसतो. राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. अण्णांना मात्र कधीतरी गाडी चुकली असताना एका रेल्वेच्या गार्डाने किल्लेकोट शिकवला आणि तेव्हापासून त्यांना ती उडी बघवेना. “राजा हाय का बेडूक? उड्या काय मारतोय?” म्हणून ते पट उधळायचे. मग त्यांच्याशी खेळायला कोण येणार? शेवटी खेळायचे ते शांतेशीच. शांता दहा वर्षांची असताना तिची आई गेली. वेणी घालायला अण्णा शिकले आणि किल्लेकोट करायला शांता शिकली. अण्णांनी घातलेली वेणी नेहमी एका बाजूला जायची. शांतेचा कोट मात्र पक्का असायचा.

कोटाचे नियम अण्णांनी संसाराला लावले होते. राजा एकदा जागचा हलला, की परत जागेवर आला तरी त्याचा कोटाचा हक्क गेला. यावरून अण्णांचं एक वाक्य होतं, “एकदा उठला तो उठला.” आमचे हे एकदा त्यांच्याकडून निघायला म्हणून उठले आणि चहाचा वास आला म्हणून पुन्हा बसले. अण्णा म्हणाले, “न्हाई. एकदा उठला तो उठला.” आणि ह्यांच्या वाटचा चहा त्यांच्यासमोर पिऊन टाकला.

दुसरा नियम, ज्या घरावर शत्रूचा मारा आहे, त्या घरावरून राजाला कोटात जाता येत नाही. आमच्या बोळाच्या तोंडाला काशीबाई राहायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायच्या आणि अण्णांना तर हटकून विचारायच्या, “काय अण्णा, शांतीचं कुटं जमलं का न्हाई?” त्यामुळे अण्णा दुकानातून येताना मागच्या गल्लीने, कुंभाराच्या भट्टीला वळसा घालून यायचे. मी एकदा विचारलं, “अण्णा, एवढा फेरा कशाला?” ते म्हणाले, “तंगी, त्या ओट्यावरनं थेट मारा हाय.” तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मला ते तसंच म्हणायचे.

शांतेचं जमत नव्हतं, याचं कारणही किल्लेकोटच. ती दिसायला चांगली, कामाला वाघीण, तेविसावं सरत आलेलं. स्थळं यायची. चुरमुऱ्यांचा सुशीला खायला दिला, चहा झाला, की बाकीचे लोक मुलीला स्वयंपाक येतो का विचारत असताना अण्णा पट घेऊन यायचे आणि मुलाला म्हणायचे, “बसा. एक डाव.”

पहिला आला तो कचेरीतला कारकून. म्हणाला, “मला पत्ते येतात.” अण्णांनी तिथेच पट गुंडाळला. दुसरा विजापूरकडचा, भुसार दुकान असलेला. त्याने दहाव्या चालीला राजाला घोड्याची उडी मारायला लावली. अण्णा “ब्याडा, ब्याडा” करत उठले. म्हणजे नको, नको. मुलाच्या आईला वाटलं, मुलीला दागिने घालायला नको म्हणतात. ती खूश होऊन बसून राहिली. समजूत घालता घालता संध्याकाळ झाली.

तिसरा बार्शीचा मास्तर. त्याने अण्णांना हां हां म्हणता मात दिली. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. मास्तर गेल्यावर शांतेच्या आत्याबाई म्हणाल्या, “मग काय, साखरपुडा धरायचा ना?”

“ब्याडा.”

“अरे, तुला हरवलं की त्यानं!”

“हरवलं. मी कुटं न्हाई म्हणतोय? पण अख्खा डाव राजा मधी उघडा ठेवला. ह्यो आज जिंकला. उद्या घरावर काय आलं म्हंजे बायकूला रस्त्यावर उभी करंल.”

“शिवलिंग्या, पोरगी द्यायचीय का फौज लढवायचीय?” आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या आणि त्याच पावली वळसंगला निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “ह्याला पोरगी द्यायचीच न्हाई. बुद्धिबळाचं नाव पुढं करतोय.”

मला ते तेव्हा पटलं नाही. शांतेला पटलं असावं. त्या दिवशी ती भाकरी थापताना एकदम थांबली आणि म्हणाली, “वैनी, मी गेले तर अण्णांचं डाव कोण खेळणार, असं मला वाटायचं. आता वाटतंय, मी डाव खेळता खेळता म्हातारी होणार.”

मग आला बसवराज. अक्कलकोटचा, इथे होटगी रस्त्याला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. नखं कितीही घासली तरी काळीच. अण्णांनी पट मांडला. तो म्हणाला, “मला येत न्हाई.”

अण्णा पट गुंडाळायला लागले.

“पर शिकतो की. किती दिवस लागतात?”

“जन्म जातोय,” अण्णा म्हणाले.

“मग पुढल्या रविवारी येतो,” असं म्हणून तो चप्पल घालून गेलासुद्धा.

आत शांतेने माझं मनगट धरलं होतं. बांगडी रुतेपर्यंत धरलं होतं. म्हणाली, “वैनी, ह्याला तरी अण्णांनी पास करावं.” त्याआधी तिने कुठल्याही मुलाबद्दल चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं.

रविवारी तो थोरल्या भावाला घेऊन आला. भाऊ भिंतीला टेकला आणि लगेच घोरायला लागला. अण्णा तयारीत होते. टोपी काढून ठेवली होती, म्हणजे डाव खरा होता. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात. शांतेच्या हातात सुशीलाच्या ताटल्या होत्या.

बसवराजाचं शिकणं दिसत होतं. मोहरा उचलायच्या आधी ओठ हलायचे. गॅरेजमध्ये कुणीतरी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं: घोडा आणि उंट लवकर बाहेर काढायचे, वाट मोकळी करायची, कोपऱ्यातली प्यादी उगाच पुढे ढकलायची नाहीत. त्याने घोडा काढला, उंट काढला. वाट मोकळी झाली. आता फक्त कोट करायचा राहिला होता. शांता श्वास धरून उभी होती.

तेवढ्यात अण्णांनी उंटाचा शह दिला.

शहातून कोट करता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो गडबडला. मध्ये प्यादं घालायचं सोडून त्याने राजाच एक घर पुढे घेतला. शांतेने डोळे मिटले. राजा उठला! दोन-तीन चालींनी तो राजा मागे आपल्या घरात आला, जणू कुठे गेलाच नव्हता. आणि मग बसवराजाचा चेहरा एकदम उजळला. त्याला पाठ केलेलं आठवलं. त्याने एका हातात राजा आणि दुसऱ्या हातात हत्ती धरला, दोन्ही एकदम नेऊन आदळले आणि बस थांबवणाऱ्या कंडक्टरसारखा ओरडला, “किल्लेकोट!”

भाऊ दचकून जागा झाला. “आलं का सोलापूर?” म्हणाला.

कुणी हसलं नाही. अण्णांनी तोंड उघडलं. तोंडात काय आलं होतं ते मला माहीत होतं. कोटात आधी राजाला हात लावायचा असतो; सख्ख्या मेव्हण्याने एकदा आधी हत्तीला लावला होता, तर त्याला अण्णांनी वर्षभर दारात उभं केलं नव्हतं. इथे तर दोन्ही हातांनी मोहरे उचललेले, आणि राजा उठलेला. अण्णांची नजर पटावरून बसवराजाकडे गेली. तो गणित सुटलेल्या पोरासारखा हसत होता. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. शांतेने मान खाली घातली होती. ताटल्या कलंडल्या होत्या आणि एक एक चुरमुरा खाली पडत होता.

अण्णांनी उघडलेलं तोंड मिटलं. परत उघडलं.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “लहान कोट. चांगला हाय.” मग टोपी घालत म्हणाले, “शांते, पाव्हण्यांना दे की खायला. किती येळ उभी ऱ्हाणार?”

लग्न वैशाखात झालं. अण्णा मांडवात कोपऱ्यात बसले नाहीत, कारण मुलीच्या बापाला कुणी बसू देत नाही.

श्रावणात जावई एकटाच आला. मी पडवीत गहू पाखडत होते. बसवराज मान खाजवत म्हणाला, “मामा, त्या दिवशी माझा राजा आधी उठला हुता म्हणं. काल शांतानं सांगितलं. तो कोट चालत न्हाई.”

“कुटला दिवस?” अण्णा म्हणाले.

“शांता म्हणतीय, अण्णांच्या नजरेतनं असलं कधी सुटत न्हाई. तुमची नजर कमी झाली असंल म्हणून घोर लागलाय तिला.”

पाच वर्षांपूर्वीचा डाव ज्यांना चालीचालीने आठवायचा ते अण्णा म्हणाले, “व्हय रं. आताशा जरा कमीच दिसतंय. सांग तिला.”

पुढच्या मंगळवारी शांता धावतपळत आली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही आली. आता दर मंगळवारी येते. अण्णांची डाळ निवडते, सुई ओवून ठेवते, पेपर वाचून दाखवते, आणि जायच्या आधी एक डाव खेळते. अण्णा उंट म्हणून प्याद्याला हात घालतात, मग ती त्यांचा हात धरून उंटावर नेऊन ठेवते.

परवाच्या मंगळवारी मी त्यांना चटणी द्यायला गेले होते. अण्णा खिडकीशी उभे होते. कुंभाराच्या भट्टीपर्यंतचा सगळा रस्ता तिथून दिसतो.

“आली बघ,” ते म्हणाले. “भट्टीपाशी हाय. हिरवं लुगडं. हातात पिशवी हाय, पिशवीत मेथी.”

मला भट्टीसुद्धा धड दिसत नव्हती.

मग ते लगबगीने खाटेवर जाऊन बसले. दारात पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि भिंतीकडे बघत विचारलं, “कोन हाय गं?”