अखेरची पसंती

प्रामाणिक मत ही समाजाच्या प्रगतीसाठी अत्यंत आवश्यक गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती जपून, शक्यतो कुलपात ठेवावी लागते.

आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात हे कुलूप कधी लागलं नाही, कारण तिथे माझी आई ग्रंथपाल होती. तिने घालून दिलेला नियम साधा होता. पुस्तक नेताना काउंटरवर तिचं मत ऐकून घ्यायचं आणि परत करताना स्वतःचं मत उभ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. मत न सांगता ठेवलेलं पुस्तक परत आलं असं धरलं जात नसे. ("वाचायला वेळ मिळाला नाही" हेही मत म्हणून चाले, पुस्तकाबद्दल नव्हे, माणसाबद्दल.) या नियमामुळे सभासद कमी झाले आणि वाचक वाढले. हा फरक कार्यकारी मंडळाला शेवटपर्यंत समजावून सांगता आला नाही.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी वाचनालयातून आजवर एकही पुस्तक नेलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणाला शंका नाही.

थंडी संपता संपता आई गेली. मंडळाने तिच्या जागी मला बसवलं. मला तिचा चष्मा बसत नाही, खुर्ची बसते.

भेटायला आलेल्या लोकांच्या मतांचं मी साधारण वर्गीकरण केलं आहे. निम्म्या लोकांच्या मते ती देवमाणूस होती. पाव लोकांच्या मते ती फार प्रेमळ होती. उरलेल्यांनी "शेवटी फार त्रास नाही ना झाला?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता "सुटल्या" असा निकाल दिला. आई प्रेमळ होती, यात वाद नाही. पण जे तसं म्हणत होते त्यांच्याशी ती तशी वागल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ज्या शेजारीणबाईंनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून "त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द ऐकला नाही" असं सांगितलं, त्यांना आईने कधी वाकडे शब्द सोडून दुसरं काही ऐकवलं नव्हतं.

मला मोठं काही नको होतं. कोणी तरी एकाने तिच्याबद्दल खरं बोलावं, एवढंच. वाचनालयाचा नियम सरळ लावला, तर आम्ही तिला अजून परत केलेलं नव्हतं.

आता व्हॅम्पायरांकडे वळू.

तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या व्हॅम्पायर-कादंबऱ्या हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे. आमच्याकडे अशी एक मालिका आली, तिचे नऊ भाग आहेत. नायक दोनशे वर्षांचा असून कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. (आईचं काउंटरवरचं मत: "एवढं आयुष्य मिळालं, तरी याला अजून कुठली शाखा घ्यायची ते ठरवता येत नाही.") तो रक्त पीत नाही, नुसता पिण्याचा विचार करतो, आणि तो विचार तीन भाग पुरतो. नायिका फिकट आहे, तिला सारखी थंडी वाजते आणि ती कधी स्वेटर घालत नाही. अध्यक्षांनी या प्रकारच्या साहित्यावर तज्ज्ञ म्हणून एकदाच मत दिलं, तेही मुखपृष्ठ पाहून: "असल्या सुळ्यांनी चावता येणार नाही. फार तर खालचा ओठ फाटेल."

आई दवाखान्यात होती तेव्हा तिने हीच मालिका मागवली. मी जरा बिचकले. ती म्हणाली, "आण गं. ज्यात कोणी मरत नाही असलं काहीतरी बघू दे एकदा." ती निष्ठेने वाचत गेली. चौथ्या भागात म्हणाली, "केवढं रक्त सांडतायत बघ. आणि इथे एक बाटली मिळवायला तुला तीन मजले फिरावं लागतं." मालिका कशी आहे विचारलं, की मात्र एकच उत्तर: "शेवट वाचल्याशिवाय मत द्यायचं नसतं." सहाव्या भागाच्या मध्यावर तिने वाचन थांबवलं. नाइलाजाने.

वाचनालयाचे सभासद वाढावेत म्हणून मंडळाने या वर्षी सौंदर्यस्पर्धा घ्यायचं ठरवलं. (पात्रता: वय सोळा ते पंचवीस. वाचनाची आवड असल्यास हरकत नाही.) सौंदर्यस्पर्धांच्या बक्षिसांचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे. जी मुलगी सर्वांत सुंदर ठरते तिला क्रीम, पावडर आणि केसांचं तेल देतात. यावरून निकालावर खुद्द आयोजकांचाही विश्वास नसतो, हे कळतं. इतकी पारदर्शकता दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात दिसत नाही. आमच्याकडे तिसरं बक्षीस माझ्या मावशीच्या पार्लरमध्ये फेशियल आणि दुसरं बक्षीस अध्यक्षांच्या दवाखान्यात दातांची सफाई, असं ठरलं. पहिलं बक्षीस म्हणून चौकातल्या पुस्तकवाल्यांनी व्हॅम्पायर-मालिकेचा नवाकोरा संच दिला. त्यांच्याकडे असे बरेच संच आहेत.

आदल्या दिवशी अध्यक्ष संच घेऊन काउंटरवर आले. भोवती लाल रिबीन होती आणि रिबिनीवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: 'आमच्या लाडक्या ग्रंथपालबाईंची अखेरची पसंती'.

"ताई, कशी वाटली कल्पना?"

"आईने ती पूर्ण वाचली नव्हती, डॉक्टर. आवडली असं ती कधी म्हणाली नाही."

"नावडली असं म्हणाल्या का?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी रिबिनीची गाठ सरळ केली. "उद्या बक्षीस देताना तुम्ही फक्त एवढंच बोलायचं, आईला ही मालिका फार आवडली होती. एक वाक्य. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"मी उरलेले भाग तरी वाचून काढते आधी."

"अहो ताई, सोळा वर्षं अध्यक्ष आहे मी. वाचल्यावाचून कधी काही अडलंय का?"

अडलं नव्हतं, हे मला मान्य करावं लागलं.

स्पर्धा वाचनालयाच्याच हॉलमध्ये झाली. कपाटं भिंतीला लावून मध्ये चालायला जागा केली होती. परीक्षक तिघे: अध्यक्ष, मावशी आणि मी. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिला चेहऱ्यांतलं कळतं आणि ती ते लपवतही नाही.

अंतिम फेरीत पाच मुली होत्या. प्रत्येकीला एकच प्रश्न होता: तुमचा आदर्श कोण? पहिल्या मुलीने माझ्या आईचं नाव घेतलं. दुसरीनेही घेतलं. तिसरी म्हणाली, "बाई मला आईसारख्या होत्या." तिला मी वाचनालयात कधी पाहिलेलं नव्हतं, रंगीत तालमीच्या वेळी तिने मला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं होतं. चौथीला बोलताना हुंदका आला, तो डोळ्यांतलं काजळ सांभाळून. अध्यक्षांनी प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहून मान हलवली. परीक्षक कोण आहेत याचा मुलींनी चांगला अभ्यास केला होता. नव्या पिढीत तयारी नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवं होतं.

पाचव्या मुलीचा एक सुळा पुढे आलेला आहे. अध्यक्षांनी तो सवलतीच्या दरात मागे घेण्याची तयारी तिच्या वडिलांकडे अनेकदा दाखवली होती.

ती म्हणाली, "माझा आदर्श ग्रंथपालबाई नाहीत."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या.

"बाई फार लागेल असं बोलायच्या. मी एक पुस्तक परत करताना नुसतं छान आहे म्हणाले, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, छान तर भिंतीचा रंगही असतो. तुला डोकं काय केसांना आधार म्हणून दिलंय? मी पुस्तक तसंच घेऊन घरी गेले आणि रडले. वर्षभर इकडे फिरकले नाही. नंतर माफी मागायला पाहिजे होती त्यांनी. नाही मागितली. मी परत आले तेव्हा, पुस्तक ठेवायला उशीर झालाय, एवढंच म्हणाल्या." ती थांबली. "परत आले, कारण मला काय वाटलं ते बाकी कुणी विचारतच नव्हतं. घरी नाही, कॉलेजात नाही. म्हणून आले. आदर्श वगैरे नाहीत त्या. बस."

अध्यक्ष खोकले. मावशी मात्र टेबलावर हात आपटून हसायला लागली. "अक्काच ही! अगदी अक्का! माझ्या लग्नात सासरची सगळी माणसं समोर बसलेली, आणि अक्का म्हणाली, साडी चांगली आहे, नवऱ्याचं पुढे बघू." हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "मेली, कधी गोड बोलली असेल तर शपथ."

मी गुणांचा कागद पुढे ओढला.

गुणदानात 'प्रामाणिकपणा' नावाचा रकाना होता. इतर स्पर्धांच्या कागदांवरून तो आपोआप आमच्याकडे उतरला होता आणि तो भरायचा असतो हे कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. अध्यक्षांनी तिथे आडवी रेघ मारली. मावशीने आणि मी पाचव्या मुलीला त्यात पूर्ण गुण दिले. बेरीज झाली, आणि पुढे आलेल्या सुळ्याची मुलगी पहिली आली. "जबड्याचा विचार करता हा निकाल टिकणार नाही," असं अध्यक्ष हळूच म्हणाले, पण टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या.

मग माझ्या हातात संच देण्यात आला आणि माइक पुढे आला. रिबिनीवरची सोनेरी अक्षरं वरच्या दिव्यात चांगली चमकत होती. समोर पुस्तकवाले बसले होते. लोकांनी रुमाल काढून ठेवले होते.

मी म्हणाले, "आईने या मालिकेचे साडेपाच भाग वाचले. शेवट वाचल्याशिवाय ती मत देत नसे, त्यामुळे तिचं मत नाही. ते आता मिळणारही नाही. मी दोन भाग वाचले आहेत. माझ्या मते नायिकेने पहिल्या प्रकरणात स्वेटर घातला असता, तर पुढची सगळी गुंतागुंत टळली असती." आणि मी रिबीन सोडवून खिशात घातली.

मग जोरदार टाळ्या पडल्या. आपण नेमकं काय ऐकलं याची लोकांना खात्री नव्हती, पण माइकवरचं बोलणं संपलं होतं. मंडळाच्या इतिवृत्तात 'दिवंगत ग्रंथपालांच्या कन्येने मालिकेविषयी हृद्य शब्दांत गौरवोद्गार काढले' अशी नोंद झाली आहे. पुस्तकवाल्यांनी माझे आभार मानले आणि त्या आठवड्यात दोन संच विकले.

मुलगी संच उचलायला आली तेव्हा म्हणाली, "ताई, हे सगळे मी वाचलेत. बाईंकडूनच नेले होते. शेवट सांगू का?"

"सांग."

"तो म्हातारा होतो शेवटी. स्वतःच ठरवून. तिच्याबरोबर."

"आईला पटलं असतं?"

तिने खरंच विचार केला. आईसमोर उभं राहून करायला लागायचा तसा. "शेवट पटला असता. सातवा आणि आठवा भाग मात्र, कागद महाग झालाय हे लेखकाला कोणी सांगितलं नाही का, असं म्हणाल्या असत्या."

हे मत मी मान्य केलं.

त्यानंतर ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. सगळे मन लावून ऐकतात. आईसाठी हळहळतात, अध्यक्षांना हसतात, खरं बोलणाऱ्या मुलीचं तोंडभर कौतुक करतात. आणि सगळं सांगून झालं, की आवाज जरा खाली आणून न चुकता एकच गोष्ट विचारतात: "पण खरं सांगा, दिसायला कशी होती हो ती मुलगी?"

तुम्ही हे विचारणार नाही, याची मला खात्री आहे. तुम्ही तर तिच्या सुळ्याचा उल्लेख आला तेव्हाच ठरवून मोकळे झालात.