चार रेघांचा संशय

मुद्रितशोधकाला आयुष्यभर एकच सवय जडलेली असते: दुसऱ्याची चूक शोधायची. (स्वतःची शोधायला पगार मिळत नाही.) त्यामुळे साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गिटारचं संगीत आजच्या वादकांसाठी नव्या लिपीत उतरवायचं काम त्याने घेतलं, तेव्हा आपलंही काही चुकेल ही शंका त्याला शिवली नाही.

काम सोपं दिसत होतं. जुन्या पुस्तकात चार आडव्या रेघा, म्हणजे त्या काळच्या गिटारच्या चार तारा. रेघेवरचा आकडा, म्हणजे बोट गिटारच्या दांडीवरच्या कितव्या पडद्यावर, म्हणजे पट्टीवर, ठेवायचं ते. सगळ्यात वरची रेघ बारीक तारेची, हे त्याने आपलं आपणच ठरवलं आणि महिनाभरात चाळीस पानं हातावेगळी केली.

बायको गिटार शिकवायची. तिने पहिलं पान वाजवलं आणि मांडणीवरची भांडी एकेक करून कोसळताहेत असं त्याला वाटलं.

"लिहिलंय तसंच वाजवतेयस ना?"

"अगदी तसंच."

ते 'अगदी' त्याला खटकलं. दुसऱ्या पानाला ती ओठ दाबून बसली होती, तेही खटकलं. त्या दिवशी चहात साखर नेमकी हवी तेवढी पडली होती. (हे तर फारच संशयास्पद.) तिसऱ्या दिवशी तो दाराआड उभा राहून तिची बोटं न्याहाळू लागला. एकही बोट चुकत नव्हतं. इतक्या सफाईने वाईट वाजवायचं, म्हणजे नक्की काहीतरी शिजत होतं. चौथ्या दिवशी त्याचा धीर सुटला.

"मी तुझ्या आईंना फोन करून 'घराचं रंगकाम काढलंय, इतक्यात येऊ नका' म्हणालो, त्याचा सूड उगवतेयस तू. कळतं मला."

तिने गिटार हळूच खाली ठेवली.

"आई तर गुडघे दुखतात म्हणून येत नाही म्हणाली होती. तू काय सांगितलंस तिला?"

छापलेलं वाक्य खोडता येतं, बोललेलं नाही. तिने तिथल्या तिथे आईला फोन लावला. आई उद्याच येणार, दोन महिने राहणार आणि त्याच्या कामाच्या खोलीत झोपणार, असं पाच मिनिटांत ठरलं. मग तिने जुन्या पुस्तकाचं दुसरं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं. तिथे गिटारचं चित्र होतं आणि बारीक तार सगळ्यात खालच्या रेघेला जोडलेली होती. चाळीसच्या चाळीस पानं उलटी उतरली होती.

"तुला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, आधुनिक वादकांसाठी आहे. मला वाटलं, आधुनिक म्हणजे असंच असतं."